कोपराखालचे पाहुणे

३ फेब्रुवारी

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा चाचणीच्या संमतीचा चाळीस पानी फॉर्म मिळाला. वाचून धन्य झालो. म्हणजे तुम्ही कुणा अनोळख्याच्या मूळपेशी घेणार, त्यांना इन्सुलिन करायला शिकवणार, जनुकांत कात्री चालवून त्यांच्यावरच्या परकेपणाच्या खुणा काढणार आणि माझ्या कोपराखालच्या स्नायूत सोडणार. माझ्या शरीराला पत्ताच लागणार नाही! अगं, ज्या शरीरानं अकराव्या वर्षी स्वतःच्याच इन्सुलिनच्या पेशी मारल्या, ते तुझ्या पाहुण्यांना पायघड्या घालणार?

मी शिंपी माणूस. बत्तीस वर्षं सुईवरच जगतोय, दिवसभर कापडात आणि जेवणाआधी पोटात. तेव्हा माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. तुझ्या वहिनीच्या मते मी हट्टी आहे. तिचं मत तिला लखलाभ.

तुझा दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

शिंप्यानं कात्रीला नावं ठेवावीत, हे भारीच! वहिनीनं फोनवर सांगितलं ते मात्र तू सोयीस्कर गाळलंस. मंगळवारी साखर उतरून तू मापं घेताना गिऱ्हाइकाच्या अंगावर कोसळलास, आणि शुद्धीवर येताच त्यालाच नीट उभं राहायला सांगितलंस.

खरं सांगते. खुणा ठेवल्या, तर परक्या पेशी टिकवायला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, आणि त्या तुझ्या किडन्यांच्या मुळावर येतील. खुणा काढण्यातही धोका आहे. त्या पेशी उद्या बिघडल्या, तरी शरीराच्या पहारेकऱ्यांना ओळखू येणार नाहीत. म्हणून वर्षानुवर्षं तपासण्या. तुला चाचणीत घ्यायचं की नाही, हे दुसरे डॉक्टर ठरवतील. भीती मात्र माझी आहे, कारण कात्री मी चालवली आहे.

लोभ कमी झाला तरी चालेल, सही कर.

तुझी चिमी

८ ऑक्टोबर

चि. चिमीस, अ. आ.

सही केली ती तुझ्यासाठी नाही, तुझी वहिनी बोलायची थांबेना म्हणून. आज पाहुण्यांना सहा महिने झाले. डॉक्टर म्हणाले, पेशी जिवंत आहेत, शरीरानं हल्ला केलेला नाही, रक्तात इन्सुलिन सापडतंय. थोडंच, इंजेक्शनं सुटली नाहीत, कमी झाली. नाचू का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, अजून चौदा वर्षं तपासण्या आहेत. तुमच्या खात्यात उत्साह नुसता उतू जातोय.

साखर मात्र चार महिन्यांत एकदाही कोसळली नाही. म्हणून तुझी वहिनी आठ दिवस बहिणीकडे गेली आहे. लग्नाच्या एकवीस वर्षांत ती मला एकटं सोडून एक दिवसही कुठं राहिली नव्हती, हे बॅग भरताना तिच्या तोंडून चुकून निघालं. मी आपला समजत होतो, तिला प्रवासाची आवड नाही.

दुपारी तिला फोन केला, जेवलीस का विचारायला. तिनं घाबरून विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. तिचा विश्वास बसायला पाच मिनिटं लागली.

कळावे. टोमणे सवडीने पाठव.

दादा