कानात सांगितलेलं नाव

कारापूर,
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

चि. सुधीर यास,
बायचे आशीर्वाद. वर्षाच्या गुडघ्यांची चौकशी केली म्हणून सांग.

तुझी चिठ्ठी पोचली. तुमच्या वाड्यावरचा रिक्षावाला साखळीच्या बाजाराला आला होता, त्याने दारातूनच हातात दिली आणि वळला. चहा टाकते म्हटलं तर म्हणाला, घाई आहे. चोपड्याचा, माहेरचा माणूस माझ्या दारातून चहा न घेता गेला, असं कधी झालं नव्हतं रे. इथल्यांना मी चोपड्याची वाटते, चोपडेकरांना कारापूरची. मधल्यामध्ये माझा चहा कोणाच्या घशाखाली उतरत नाही.

फोन का करत नाहीस तेही लिहिलंयस. वकिलाने सांगितलं, फोनवर काही बोलू नका. हुशार आहे तुझा वकील. मीही मग कागदावरच उत्तर देते.

इथे ठीक. मागची पडवी गळत होती, शेजारच्या दिपालीचा नवरा ताडपत्री बांधून गेला. शेजारपाजारी तेवढं एक घर राहिलंय, जिथे मी पीठ मागायला जाऊ शकते. दारूच्या भाटीकडे मी जात नाही. हुर्राक काढायचं तांब्याचं भाण कोणीतरी उचलून नेलं म्हणतात. नेऊ दे. पुढच्या वर्षी काजू लागले तरी रसासाठी बोंडू मळायला कोण आहे?

तू लिहितोस, "बाय, चवथीला ये. झालं ते झालं. तो घरीच आहे, रोज तुझी आठवण काढतो. एकदा त्याच्या डोक्यावर हात ठेव."

यंदा माझ्या घरी गणपती नाही. देव्हाऱ्यात वात लावते, तेवढंच. तुझ्या घरी मात्र गणपतीवर रानफळांची माटोळी बांधणार, तिला कांगलां लागणार, आणि ती रानातून आणणार कोण? दरवर्षी तुझे भावजी आणि तो मिळून जायचे ना? दोघे चिखलाने माखून यायचे आणि वर्षा ओरडायची, आधी पाय धुवा. यंदा तो एकटाच जाईल. त्याला वाट ठाऊक आहे, यांनीच दाखवली.

पेपर तुमच्याकडेही येतो. पहिल्या दिवशी काय छापलं ते पाहिलं असशीलच. कृष्णनाथ, वय चोपन्न, राहणार कारापूर, काजूच्या भाटीवर निर्घृण खून. फोटो आमच्या लग्नातला, माझं अर्धं तोंड कापून. आणि खाली बारीक अक्षरांत, तिघे अल्पवयीन ताब्यात. मेलेल्याचं नाव सगळ्या गोव्याने वाचलं आणि मारणाऱ्यांच्या तोंडावर पदर. कायदाच आहे म्हणे. नाव घ्यायचं नाही, शाळा सांगायची नाही, घर दाखवायचं नाही. इन्स्पेक्टर मला समजावत होता की मुलांचं पुढे सगळं आयुष्य असतं. मी म्हटलं, असतं ना. ज्यांचं नसतं त्यांचीच नावं तुम्ही छापू देता.

तर मीही कायदा पाळते. या पत्रात त्याचं नाव कुठे नाही, बघ.

गावाने मे महिन्यात दोनदा बाजार बंद ठेवला. ठाण्यासमोर उन्हात बसले. नावं जाहीर करा, मोठ्यांसारखा खटला चालवा, फाशी द्या. मला पुढच्या रांगेत खुर्ची, मांडीवर यांचा फोटो, डोक्यावर छत्री धरायला दोन पोरी. एक पुढारी आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले की ताईंना न्याय मिळेपर्यंत आम्ही स्वस्थ बसणार नाही. नंतर ते कुठे उभे राहिले, कुठे बसले, मला काही माहीत नाही. सगळ्यात मोठ्याने ओरडत होता तो तिठ्यावरचा बारवाला. ही तीन पोरं संध्याकाळी कुणाच्या मागच्या खोलीत बसायची, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण बॅनरचं एक टोक त्याच्याच हातात होतं.

मग जून लागला आणि तिघेही जामिनावर घरी गेले. लोकांच्या अंगाची आग झाली. पोस्टाच्या रांगेत, पाववाल्या पोदेराची सायकल थांबते तिथे, सगळीकडे तेच. सतरा वर्षांचा पोर बाइक उडवतो तेव्हा मोठा, दारू पितो तेव्हा मोठा, कोयता उचलला की लगेच बाळ? मलाही तेच वाटतं, खोटं कशाला सांगू. त्या बाल न्याय मंडळापुढे तारखा पडतायत. तिघे एकमेकांकडे बोट दाखवतात. सोळा वर्षांपुढच्या मुलाला मोठ्यांसारखं उभं करायचं तर वार कोणी केला, त्याला कळत होतं का, हे बघावं लागतं म्हणे. आणि बघणारं कोणी नव्हतं. सरकारी वकीलबाई मला विचारून विचारून थकल्या. "आठवा, जाण्याआधी काही म्हणाले का?" मी दर वेळी मान हलवली. नाही.

आता कालचं सांगते. तुला कळेलच, पण माझ्याकडून कळलेलं बरं.

गावाने ठरवलं, सरकार नाव घेत नाही तर आपण देवापुढे घेऊ. रविवारी देवळात गाऱ्हाणं. सगळा गाव आला, मोर्च्याला आला नव्हता एवढा. धाकू गावकर तुला आठवतो, आमच्या लग्नात ज्याने नारळ दिला होता तो. आता वाकलाय, पण गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की आवाज अजून खणखणीत. नारळ हातात घेऊन त्याने सुरुवात केली. म्हाराजा, तुझ्या राज्यात तुझ्या लेकराचं रक्त सांडलं, ज्यांनी न्याय द्यायचा ते गप्प बसले. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. ज्याने हे केलं त्याच्या हाताला, त्याच्या घराला, त्याच्या वंशाला तू बघून घे. व्हय म्हाराजा. मीही म्हटलं, तोंडातून निघून गेलं. त्याचा वंश म्हणजे माझंच माहेर, हे नंतर लक्षात आलं.

मग धाकू थांबला. बिननावाचं गाऱ्हाणं देवाला पोचत नाही, आणि नाव ज्याचं माणूस गेलं त्यानेच घ्यायचं, अशी रीत. त्याने नारळ माझ्या हातात दिला.

"बाय, नाव तुवें घेवंक जाय."

सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं. बारवालासुद्धा. आणि मला काय आठवावं, तर त्याचं बारसं. चोपड्याचं आपलं माजघर, आईची ती जुनी साडी घातलेला पाळणा, वर्षा भिंतीला टेकून बसलेली. तुला दुसरं नाव हवं होतं, मी हट्ट करून माझंच पुढे रेटलं. आत्याचा मान म्हणून मी वाकले, कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. बायकांनी पाठीत असे धपाटे घातले की मी पाळण्यातच पडले असते. त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. माझी कूस कधी भरली नाही, सुधीर. तेव्हाच मनात म्हटलं, हा माझा.

आठवीपासून तो माझ्याच घरी होता. माझ्या ताटात जेवला.

मी नारळ धाकूच्या पायाशी ठेवला आणि म्हटलं, म्हाका जमचें ना. माझ्या तोंडाने शाप जाणार नाही. बाहेर पडले तेव्हा मागून आवाज आलाच, माहेर राखते बघा. कोणी म्हटलं ते मला ओळखू आलं, पण मागे वळले नाही.

हे वाचून तू हुश्श केलं असशील. बाय आपलीच आहे, असं वर्षाला सांगायला आत उठून गेला असशील. ये परत, बस. अजून पत्र संपलेलं नाही.

हे गेले त्या दिवशी दुपारी यांनी त्याच्या बाइकची चावी काढून घेतली. भाटीवर मित्रांना घेऊन हुर्राक मागायला आला होता. यांनी तुला फोन केला. तू आलास, आणि त्या दोघांदेखत त्याला पट्ट्याने मारलंस. तुझा हात धरला तो यांनीच. "सुधीर, पोर आहे, समजावून सांग," म्हणाले. तू रागाने निघून गेलास. दिवस कलला तशी मी चहा घेऊन भाटीवर गेले, तर हे बोंडूंच्या ढिगाशी पडलेले. मानेवर कोयत्याचा वार. बोंडूंचा तो गोडसर वास आणि त्यात रक्त. मी डोकं मांडीवर घेतलं.

जीव होता अजून. त्यांनी मला डोळ्यांनीच जवळ बोलावलं. मी कान तोंडाशी नेला. दोनच शब्द बोलले. पहिला, "तुज्या". दुसरा तोच, जो मी पाळण्यात वाकून सांगितला होता. तुज्या, आणि नाव. तुझ्या अमक्याने. शेवटी जाताना मलाच ऐकवून गेले.

आणि आता तुझं. ॲम्ब्युलन्स आली, इस्पितळात नेलं, तिथे थोड्या वेळाने ते गेले. मी बाहेर बाकावर बसले होते, हाताचं रक्त वाळलेलं. तू धावत आलास. मी तुला फोन केलाच नव्हता, सुधीर. माझा फोन भाटीवर पडला होता. कुणीच तुला कळवलेलं नव्हतं. तरी तू आलास, आणि भावजी कसे आहेत असंही विचारलं नाहीस. पहिलं काय विचारलंस?

"काही बोलले का?"

मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हटलं, नाही. आणि तुझे खांदे सैल पडलेले मला दिसले. तो आधी तुझ्याकडे आला होता. सगळं सांगून झालं होतं. तू त्याला आंघोळ घालून, कपडे बदलून मगच माझ्याकडे आला होतास.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आलास. नाही आणलं तर लोक विचारतील म्हणून आणलंस ना? त्याने यांना खांदा दिला. मी दारात उभी राहून बघत होते. मारणारा खांद्यावरून नेत होता, आणि मी ओरडले नाही. दिपाली मला धरून होती, तिला वाटलं मी दुःखाने थरथरते. तिसऱ्या दिवशी त्या दोघांपैकी एकाच्या आईने पोलिसांना सांगितलं आणि मग तिघांना उचललं. त्या बाईला लोकांनी नावं ठेवली. मला वाटतं, सगळ्या गावात आई म्हणावी अशी ती एकटी.

मी का बोलले नाही? चोपड्याला घर राहावं म्हणून. आई-बापाच्या मागे मला एक तू. आणि तो. यांना जाळून आल्यावर दोन्हीकडची दारं बंद झाली तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू, एवढाच हिशेब केला. तू चिठ्ठीत लिहितोस, फक्त जे सांगितलंस तेच सांगत राहा, बाकी वकील बघून घेईल. अरे, तुझा वकील माझा नवरा आणून देणार आहे का?

काल देवळातून घरी येताना एक समजलं. शाप मला द्यायचा नाही. त्याच्या हाताला काही होऊ नये. पण खरं सांगणं म्हणजे शाप नव्हे. देवापुढे वंश बुडवायला नाव घेतलं नाही, म्हणून सरकारपुढेही झाकून ठेवायचं, हे यांच्या वाट्याला का? तो मोठा ठरेल की लहान, तुरुंगात जाईल की सुधारगृहात, ते त्यांना ठरवू दे. त्यांच्याकडून मला फार आशा नाही. मला एवढंच पाहिजे की वार कोणी केला ते लिहिलं जावं.

गुरुवारी सकाळी दिपालीला घेऊन मी डिचोलीला ठाण्यावर जाणार. इतके दिवस गप्प का बसलात, असं विचारतील. आत्या होते म्हणून, असं सांगेन.

तू त्याला घेऊन ये. वकील नको, तू ये. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर मी मागून बोलेन, त्याच्या बाजूला उभी राहून बोलेन, आणि डोक्यावर हात ठेवायचा म्हणतोस तोही तिथेच ठेवीन. नाही आलात तर मी एकटी बोलेन. मग चवथीला मला बोलावू नकोस, आणि मी गेले तर खांदा द्यायला तुम्ही कोणी येऊ नका.

वर्षाला हे वाचून दाखव. तिच्यापासून लपवू नकोस. तिने नऊ महिने पोटात वाढवलाय, तिला वकिलाकडून कळू नये.

दर पत्राखाली मी तुझी बाय लिहिते. यावेळी जमत नाही. या सगळ्यात मी जी कोण उरले आहे, तेवढंच लिहिते. कायदा एवढा एक शब्द मला माफ करील.

कृष्णनाथची बायको,
आणि साईशची आत्या,
विनोदिनी