बाराही जणांचा डावा पाय

५ जुलै, शनि.
मल्लेश्वरमला तालीम. वेळ चारची, बारापैकी सात हजर. बाकीचे महादेवपुऱ्याहून निघालेत म्हणे. सकाळपासून निघालेलेच आहेत. टँकरचं गाणं बसवायचंय: पाण्याचा टँकर येतो, अख्खी गल्ली घागरी घेऊन त्याच्यामागे. आठ पावलांची चाल, पाचव्याला वळायचं. सहा वेळा करून दाखवली. डावा गुडघा ठणकत होता, मी आपली हसत होते. डॉ.नी ऑपरेशनला ऑगस्टचा पहिला आठवडा सांगितलाय. प्रयोगही तेव्हाच. कुणाला बोलले नाही. नाच बसवणारीचाच गुडघा गेला म्हटल्यावर पुढच्या नाटकाला कोण कशाला बोलावेल?

६ जुलै, रवि.
रांग जमली. विनायक, आमचा दिग्दर्शक, पुण्याचा, अक्का अक्का करतो आणि माझं एक ऐकत नाही, तो चक्क खूश. म्हणाला, स्टेप्स वाटतच नाहीत, खरी माणसं वाटतात. स्वल्प गर्वच झाला मला. वेडी.

७ जुलै, सोम.
वि.ने कालचा व्हिडिओ पाठवला. तीनदा बघितला. बाराच्या बारा जण डावा पाय ओढतायत. पंचविशीतली धडधाकट पोरं! मी दाखवलं तसंच उचललं, लंगडण्यासकट. इतकी लाज वाटली की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

१२ जुलै, शनि.
दुरुस्ती. खुर्चीत बसून तोंडानेच शिकवलं: पाय उचला, सरळ ठेवा. मंजुळा रांगेत पहिली, बेळगावची, बँकेत असते. तिनं विचारलं, मागच्या वेळी तुम्हीच वेगळं दाखवलंत ना? माझं चुकलं होतं, म्हटलं. दोन तासांत बसलं. अगदी स्वच्छ, शाळेतल्या कवायतीसारखं. यांच्या घरी चोवीस तास पाणी असणार.

१३ जुलै, रवि.
वि. चिडला. मागचीच चाल हवी. मी विसरले, म्हटलं. धादांत खोटं. पोरं मुद्दाम पाय ओढायला गेली तर नुसती लंगडी. दुपार फुकट. येताना ऑटोत चढायला वेळ लागला, तर ड्रायव्हर कानडीत म्हणतो, स्वल्प बेग, अम्मा, जरा लवकर. सरीप्पा, बरं बाबा, म्हटलं. भांडायचंही त्राण नव्हतं.

१९ जुलै, शनि.
वि.ने सगळ्यांना खाली बसवलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अक्का, आज शिकवू नका. नुसत्या चाला."
तेव्हा कळलं. याला माहीत आहे. सगळ्यांनाच, पहिल्या दिवसापासून. लपवत होते ती मी एकटीच.
चालले. बारा जण बघत होते. लाज गेली असं लिहायला बरं वाटलं असतं, पण गेली नाही. मंजुळा बोटांवर पावलं मोजत होती.
"अक्का, पाचव्याला जास्त ओढता."
"वळताना दुखतं," मी म्हटलं.
मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं. सगळे उठले, रांग लावली आणि पाचव्याला बाराही जण माझ्यासारखे वळले. बरोब्बर तसेच. बघवत नव्हतं, आणि बघत राहिले.
दवाखान्यातून तारीख पक्की करायला दोनदा फोन आला. उचलला नाही.