दूध आहे तोवर

मळवली,
दि. ५ सप्टेंबर २०२४

ती. बयाबाई मावशींस,
बबिताचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र निवृत्ती आबांनी भाजीच्या टोपलीतून आणून दिलं. एका कोपऱ्याला मेथीचा ओलावा लागला होता, पण वाचता आलं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि संदेश दाजींना मध्ये घालून बायकांच्या गोष्टी सांगायच्या म्हणजे माझीच जीभ अडखळते. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी अशी, की तुमच्या नातवाला दात आले. खालचे दोन, कण्यांएवढे. आमच्या बारकूचा जीव भांड्यात पडला. वरचे आधी आले तर मामाला जड जातं, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. लोहगडवाडीचा स्टॉल बायकोवर टाकून तो सारखा सत्यमचं तोंड उघडून बघायला येत होता. आता यायचा बंद झालाय.

हे ज्या बंगल्याची राखण करतात तिथल्या किल्ल्यांचा जुडगा सत्यमला फार आवडतो. दिसला की तोंडात. माझ्या छकुलीनं दूध केव्हाच सोडलं, त्यामुळे आता सगळं त्याचंच. गंगीच्या तेराव्याला तुम्ही तिच्या फोटोसमोर म्हणाला होतात, "दूध हाय तवर लेकरू तुज्याकडं, मग आमच्या घरी." ते मी विसरलेली नाही. दूध अजून पुष्कळ आहे. पाजताना काही त्रास नाही.

दाजींना नमस्कार सांगा. बहीण गेली तरी तिच्या सासरचा लोभ मला राहू द्या.

तुमची,
बबिता


उर्से,
दि. १६ सप्टेंबर २०२४

चि. सौ. बबितास,
अनेक आशीर्वाद.

दातांचं वाचून मी एकटीच हसले. बारकूला सांग, मामा असा भित्रा असेल तर भाच्याला कोण संभाळणार.

पाजताना त्रास नाही असं तू लिहिलंस. मी विचारलं नव्हतं, तरी लिहिलंस, म्हणून आता विचारते. संदेशला दात आले तेव्हा माझं रक्त निघालं होतं. चावला तर मागे ओढू नको, त्यानं जास्त चिरतं. उलट क्षणभर आणखी जवळ घे, आपोआप सोडतो. नाहीतर तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घाल. आधी गार पाण्यात पिळलेलं फडकं चघळायला दे. पोट भरत आलं की खेळायला लागतो, तेव्हाच काढून घे. आणि काही झालं तरी ओरडू नको. काही पोरं हसतात नि पुन्हा चावतात, पण काही असा धसका घेतात की परत तोंडच लावत नाहीत.

सोसवत नसेल तर मात्र सोसू नको. कोरफडीचा कडू गर लावला की दोन-चार दिवसांत दूध सुटतं, त्यात कमीपणा नाही. खोटं कशाला बोलू, मला तो हवाच आहे. संदेश टोलनाक्यावर पाळीला गेला की घरात मी आणि गंगीच्या साड्यांची पेटी. पण तुझं रक्त काढून मला नको.

दत्ताला आणि छकुलीला आशीर्वाद. म्हातारीचं बोलणं लागलं तर मायेनं पोटात घाल.

बयाबाई


मळवली,
दि. १४ ऑक्टोबर २०२४

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

दसऱ्याचं सोनं पत्रातच ठेवलंय, मोठ्यांच्या पाया पडते.

सत्यम चावत नाही. वरचेही दोन दात आले, तरी चावत नाही. तुम्ही उगाच काळजी करता. फडकं गार करून देते, तुमचं तेवढं ऐकते.

बंगल्याच्या मालकीणबाईंनी कुंपणाला कोरफडीची रांग लावली होती. ह्यांच्या मागे लागून उपटून टाकली. छकुलीला काटे लागतील म्हटलं. मालकीणबाई विचारतील तेव्हा बघू. मधे मला तापानं धरलं होतं, डावा हात वर होईना. भारे उचलून झालं असेल असं सगळे म्हणाले, मीही तसंच म्हणाले.

एक गोष्ट सांगायची राहते. पिताना तो माझा कान धरतो. आई गेल्यावर गंगी माझ्या कुशीत झोपायची, तेव्हा तीही कान धरूनच झोपायची. त्याला हे कुणी शिकवलं नाही. कान धरला की मला बाकी काही सुचत नाही.

तुमचा लोभ आहे म्हणून एवढं लिहिते.

बबिता


मळवली,
दि. ६ नोव्हेंबर २०२४

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

सणाचं काही लिहीत नाही. तुमच्याशी खोटं बोलले, ते आधी लिहिते. सत्यम पहिल्या दातापासून चावत होता. ताप त्या चाव्यांचाच होता. खरं लिहिलं असतं तर तुम्ही त्याला नेलं असतं, म्हणून लिहिलं नाही.

दिवाळीत बंगल्यात पाहुणे होते. कामातनं दमून ओट्यावर पाजायला बसले. आधीची चीर भरलेली नव्हती, तिथंच चावला. मी ओरडले. नुसती ओरडले नाही मावशी, त्याला ढकललं. पडला नाही, मांडीतच होता. लगेच रडलाही नाही, माझ्याकडे बघत राहिला. तेव्हापासून तोंड लावत नाही. जवळ घेतलं की मान फिरवतो. मी पिळून वाटीत काढलेलं मात्र घटाघटा पितो. म्हणजे त्याला दूध नको असं नाही, मी नको आहे.

दूध अजून आहे. हे म्हणतात, शब्द दुधाचा होता, वाटीनं पाज आणि गप्प बस, उर्शाहून कोण बघायला येतंय. मीही दोन दिवस तसंच मनात घोळवलं. पण गंगीच्या फोटोकडे बघून ते जमेना. न्यायला या. दुपारी या. सकाळी तो हसत उठतो, सकाळी माझ्यानं देववणार नाही.

रागावलात तरी माया तोडू नका.

बबिता


उर्से,
दि. २० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. बबितास,
अनेक आशीर्वाद.

सत्यम पेज खातो, वाटीनं दूध पितो. पहिले काही दिवस दाराकडे बघून रडायचा, आता कमी झालंय. हे वाचून तुला बरं वाटेल की वाईट, मला कळत नाही.

काल तो माझ्या खांद्याला चावला. लुगड्यावरून, तरी चारही दात उमटले. माझी ही राठ कातडी, तरी डोळ्यांत पाणी आलं. मग तुझी चिरलेली जागा आठवली. न्यायला आले तेव्हा तुझ्या ब्लाउजमध्ये दुमडलेलं फडकं मला दिसलं होतं. बघून न बघितल्यासारखं केलं. विचारलं असतं तर त्याला उचलून आणायला माझे हात धजले नसते. तेवढी मी लबाड.

झोपताना माझा कान शोधतो. माझ्या बुगड्या टोचायच्या बहुतेक, लगेच हात काढून घ्यायचा. मी त्या काढून पेटीत ठेवल्या. लग्नात घातल्या तेव्हापासून काढल्या नव्हत्या.

भेटायला ये, पण लगेच नको. आत्ता आलीस तर त्याला पुन्हा तोडावं लागेल, आणि तुलाही. तुझ्यावर माझी माया आहे, ती धरून चाल.

बयाबाई


मळवली,
दि. ३ डिसेंबर २०२४

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

भात झोडून झालं. छकुली त्याचं राहिलेलं झबलं बाहुलीला घालते. मालकीणबाईंनी कोरफड पुन्हा लावली, तिला मीच पाणी घालते. पाहुण्यांचं एखादं मूल रडलं की अजून पदर ओला होतो. आताशा तेही कमी झालंय.

बुगड्या काढल्यात ते बरं केलंत. उजवा कान द्या त्याला, मी उजवाच द्यायची.

काल अंघोळ करताना शेवटची खपली निघाली. हे म्हणाले, सुटलीस एकदाची. आता दुखत नाही, मावशी. दुखत होतं तोवर तो माझ्याकडे होता.

माझ्यावर करता तो लोभही आता त्याच्यावरच करा.

बबिता