सातव्या घराची बेल

ता. ३ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

इकडे सगळी खुशाल आहेत, मी सोडून. तू म्हणशील, ताईचं हे नेहमीचंच, पण आधी नीट वाच.

कर कार्यालयाची नोटीस आली आहे. ज्या इमारतीत जिना, गच्ची, पंप असं काही सामाईक आहे, तिची आता माणसासारखी स्वतःच्या नावाने नोंदणी करायची. तिला स्वतःचा नंबर मिळणार. तिच्या वतीने एकाने सही करायची. जिना झाडणारीला, पंप दुरुस्त करणाऱ्याला पैसे देताना त्यातून कर कापायचा, तो भरायचा, पावत्या सांभाळायच्या, वर्षाअखेरीस विवरणपत्र द्यायचं. काही चुकलं तर कार्यालय त्या सहीवाल्यालाच धरणार.

आता हे काम कुणाचं, तूच सांग. या इमारतीचा पंप सकाळी कोण चालू करतं? जिन्यातला दिवा गेला की कुणाचं दार वाजतं? सगळ्यांच्या जादा किल्ल्या कुणाच्या खिळ्यावर आहेत? पण बैठकीत पहिल्या मजल्यावरची दातांची डॉक्टर उठली आणि म्हणाली की या कामाला पद्धत लागते. सोबत फाइल आणली होती, प्रत्येक कप्प्याला रंगीत लेबल. मी तिचं नाव लेबलबाई ठेवलं आहे. लोक तिच्या फाइलकडे असे बघत होते, जणू आमच्या घरात कागद कधी कुणी पाहिलाच नव्हता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तुझे भावोजी मात्र मूग गिळून बसले होते.

घरटी एक मत आहे. सात घरांपैकी तीन तिच्या बाजूची, तीन माझ्या, आणि सातवं तुझं. तू लांब असलीस तरी पत्राने मत चालतं. तेव्हा लगेच पाठव, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल. औषधांच्या दुकानात उभी राहून पाय सुजू देऊ नकोस.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
ताई

*

ता. १० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दुकानात एकटीच हसत होते. लेबलबाई हे नाव झकास आहे. पाय ठीक आहेत, भावोजींना माझा नमस्कार सांग आणि मूग जरा कमी गिळायला सांग.

पण एक घोटाळा झाला आहे. लेबलबाईंचं मलाही पत्र आलं. घरमालकांची माहिती गोळा करताना त्यांच्या लक्षात आलं की कर कार्यालयाच्या माणसाने इमारतीत सहाच घरं मोजली आहेत. आईच्या आजारपणात आपण तुझ्या-माझ्या घरांमधली भिंत फोडून दार केलं ना, त्याला ते एकच घर वाटलं. बाबांनी आपल्याला शेजारी-शेजारी घेऊन दिलेल्या दोन घरांपैकी माझं तुझ्या घरात विरघळून गेलं. घर नाही, म्हणून मतही नाही. बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकणार आहेत म्हणे.

त्यांनी विचारलं आहे की मला वेगळी नोंद हवी आहे का. हवी असेल तर ते दार विटांनी बुजवावं लागेल. मी कळवलं की हवी आहे, पण ताईला विचारून सांगते. चार पानी पत्र होतं त्यांचं, अक्षर मोत्यासारखं. काय करायचं ते तू लिही.

तुझीच,
ठमी

*

ता. १६ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

चार पानं! आणि अक्षराचं कौतुक मला ऐकवतेस! माझं अक्षर तुला कधी दिसलं नाही, मी तुला शाळेत पाट्या भरून दिल्या तरी. वर तू आधी तिला उत्तर पाठवलंस आणि मग मला विचारलंस. परवा जिन्यात भेटली तर म्हणते, तुमची बहीण किती छान लिहिते. माझ्या बहिणीची ओळख ती मला करून देणार!

असो. चिठ्ठीवर माझा भरवसा नाही, म्हणून गवंडी बोलावला. आधी तुझ्या पुढच्या खोलीतलं माझं शिलाई मशीन इकडे आणलं. पडदे शिवायला तिथला उजेड फार चांगला होता. आता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसते, सुईत दोरा ओवताना डोळ्यांना पाणी येतं. गवंड्याने शेवटची वीट लावली आणि मग तुझ्या भावोजींच्या लक्षात आलं की त्यांची आरामखुर्ची पलीकडेच राहिली. ती डोक्यावर घेऊन ते जिन्याच्या बाजूने फिरून आले. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत.

कर कार्यालयाचा माणूस पुन्हा येऊन गेला. आता तू सातवं घर आहेस. वेगळी बेल बसली आहे, तिच्यावर लेबलबाईने लगोलग लेबलही चिकटवलं. एवढं सगळं मी तुझ्या मतासाठी केलं आहे, तेव्हा आता उशीर करू नकोस.

उत्तराच्या वाटेवर डोळे लावून बसलेली,
ताई

*

ता. २४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मत पाठवलं. ते लेबलबाईंना दिलं आहे.

पत्र फाडू नकोस, पुढे वाच. सहीवाल्याच्या मानेवर सुरी असते आणि तू पावत्या उशीखाली ठेवतेस, असं कारण मला देता आलं असतं. ते खोटंही नाही. पण खरं कारण ते नाही. खरं सांगायचं तर मला तुझा हेवा वाटतो, आत्ता, हे लिहितानासुद्धा.

त्या दाराला कडी तुझ्या बाजूला होती, ताई. माझ्या बाजूला नव्हतीच. सुट्टीत मी माझ्या घरी यायची आणि सकाळी डोळे उघडले की तू माझ्या खोलीत मशीन चालवत असायचीस. आई माझ्या घरात वारली, तरी लोक भेटायला आले ते तुझ्या दारातून. इमारतीत मला सगळे ताईंची बहीण म्हणतात. तू माझी सेवा केलीस, लाड केलेस, पण दार वाजवलं नाहीस कधी. लेबलबाईंनी मला घराची मालकीण म्हणून काही विचारलं, एवढंच. त्याचं मला किती अप्रूप वाटलं, तुला कळणार नाही.

माझी बदली झाली आहे. जूनमध्ये मी तिकडे राहायला येते आहे, कायमची. ही बातमी आनंदाने द्यायची होती, पण या पत्रात बसवावी लागली. तू इमारतीची सही झाली असतीस, तर मी पुन्हा तुझ्याच घरात राहायला आले असते. मला माझ्या घरात यायचं आहे.

रागावलीस तरी टाकू नकोस,
ठमी

*

ता. १९ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिलं असतं ते तुला वाचवलं नसतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. अजून पुरती उतरलेली नाही.

लेबलबाई एका मताने निवडून आली. इमारतीचा नंबरही आला, जिन्यात चौकटीत लावला आहे. पहिल्याच सकाळी ती पंप चालू करायला विसरली. बटणाला लेबल होतं, पण लेबल बटण दाबत नाही. घरोघरी नळ कोरडे, आणि मी हाताची घडी घालून मजा बघत बसले. दुसऱ्या दिवशी मात्र खाली जाऊन तिला पंप कसा कुरकुरतो ते दाखवलं. तिने मुकाट्याने ऐकून घेतलं, ते मला आवडलं. कर कापायचं काम ती चोख करते, हेही लिहून टाकते.

मग तिने नोंदीसाठी सगळ्या किल्ल्या मागितल्या. खिळ्यावरच्या दिल्या, तुझी दिली नाही. म्हटलं, मालकिणीला विचारावं लागेल. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मी घरी येऊन बराच वेळ त्या बुजवलेल्या दाराकडे बघत बसले. कडीचं मला आठवतच नव्हतं, ठमे. आईला रात्री बघायला जायचं म्हणून ती माझ्या बाजूला लावली, नंतर हलवली नाही.

आठवड्यातून एकदा तुझ्या घरी धूळ पुसायला जाते. परवा किल्ली हातात होती तरी आधी बेल दाबली. आत कुणी नाही हे ठाऊक असून दारात थांबले. समोरच्या घरातल्या घड्याळजींनी बघितलं, त्यांना मी वेडीच वाटले असेन.

तू ये. किल्ली तुझ्या हातात देईन, तिच्या फाइलमध्ये नाही. फक्त आल्या आल्या पहिला चहा पहिल्या मजल्यावर घेतलास तर याद राख. मी दोनदा बेल वाजवीन. आतून उघड.

राग आहे तसाच आहे, माया त्याच्या खाली आहे,
तुझी ताई