अखाजीच्या आत, नेटवरून एक लग्न

३ फेब्रुवारी, मंगळवार. मोरबी.
आजपासून मी नवनीत फोटो स्टुडिओ, शहादा, याचा मार्केटिंग हेड. पगार नाही, पोस्ट मोठी. नवनीत माझा चुलतभाऊ. त्याच्याकडे कॅमेरा आहे, डोकं नाही. माझं उलट. दुकान एसटी स्टँडमागे, बोर्ड रसवंतीच्या आड. माणूस रस पितो आणि निघून जातो.
त्याची अट अशी, की अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत नेटवरून एक लग्न आणून दाखव, दुकानात तुझ्यासाठी दुसरी खुर्ची टाकतो. एकच लग्न! मी खुर्चीचा रंगसुद्धा सांगून ठेवला. निळा.
इथे गुजरातेत टाइल्सच्या कारखान्यात तीन वर्षं झाली. पट्ट्यावरून लादी येते, तडा असला तर बाजूला काढायची. आता एका सेकंदात दोष दिसतो. अशी नजर कुठल्या कॉलेजात मिळत नाही. नववी नापास आहे ते सोडा.
अखाजीला घरी. कायमचा.

५ फेब्रुवारी. जेवणाची सुट्टी.
कीवर्ड रिसर्च सुरू. यूट्यूबवरचे सर सांगतात, आता लोक गूगल लेन्सला फोटो दाखवून फोटो शोधतात. पण फोटोखाली बरोबर शब्द नसले तर तुमचा फोटो विहिरीत पडला समजा. पिंटरेस्टमध्ये 'वेडिंग' लिहिलं की खाली आपोआप यादी येते. तेच लोकांच्या मनातलं. वहीत उतरवलं. पहिलाच निघाला 'स्नो वेडिंग'.
नवनीतला फोन केला, बर्फातला फोटो पाहिजे. तो म्हणे, बरफ नही, कापूस शे, चालई का?
चालेल की.

९ फेब्रुवारी
नवनीतने जिनिंगमधल्या कापसाच्या ढिगावर जोडपं उभं केलं. फोटो जबरदस्त. नवरी बर्फात, फक्त मागे ट्रॅक्टर आला. खाली लिहिलं, 'स्नो वेडिंग स्वित्झर्लंड शहादा'. चार व्ह्यू. तीन माझे. पण चौथा कोण? चौथ्याला धरून ठेवलं पाहिजे.
संध्याकाळी: चौथा नवनीत.

१५ फेब्रुवारी, रविवार
सापडलं! छोट्या शब्दामागे सगळं जग लागलेलं असतं. लांब ओळ लिहायची आणि त्यात आजूबाजूच्या गावांची नावं घालायची. लोक सगळ्यात जास्त शोधतात 'मेकअप आधी, मेकअप नंतर'. त्यासाठी एकाच मुलीचे दोन फोटो पाहिजेत.
नवनीतने पाठवलेल्या फोल्डरमध्ये स्वप्नाली आहे, माझी धाकटी बहीण. लग्नाच्या बायोडाटासाठी काढलेले. एक खळ्यातला, तेल लावलेले केस, जुना ड्रेस, कशाला तरी हसतेय. दुसरा स्टुडिओतला, जांभळी साडी, नवनीतने कॉम्प्युटरवर चेहरा उजळलेला. असा फरक पैसे देऊन मिळणार नाही.
तिला विचारायला पाहिजे. पण ती नाही म्हणेल. मग विचारण्यात वेळ कशाला घालवा.

१६ फेब्रुवारी
टाकले. खाली ओळ: 'सावळी साधी खेडवळ मुलगी, मेकअप आधी-नंतर, नंदुरबार शहादा नवापूर.' तीच गावं कापसातल्या नवरीखालीही जोडली.
खोलीत माझ्याबरोबर दलसिंग राहतो, धडगावकडचा, पट्ट्यावरही शेजारीच असतो. त्याने वाचलं. म्हणे, बहिणीला खेडवळ लिहिलंस? मी समजावलं, हे मी म्हणत नाही, कीवर्ड म्हणतो. तो म्हणे, मग घरी जोडे खायला पण कीवर्डलाच पाठव.
त्याला मार्केटिंग कळत नाही.

४ मार्च, बुधवार
होळीला घरी गेलो नाही. रजा अखाजीसाठी राखली. आईचा फोन. झिपरूमामाने स्वप्नालीसाठी नवापूरचं स्थळ आणलंय. घरचा पोल्ट्री फार्म, मुलगा प्रीतेश नोकरीला. आधीच्या दोन स्थळांनी नर्सिंगचं शिक्षण सोड म्हणून सांगितलं होतं. हा म्हणतो पूर्ण कर, मी तुला सोडायला येईन. दोघं रोज फोनवर बोलतात. आई म्हणे, भाऊ, पोरगी हासी ऱ्हायनी रे. बावीस तारखेला ते लोक बघायला येणार.
नवापूर! माझ्या ओळीतच आहे. शुभ लक्षण.

१२ मार्च
व्ह्यू ३१२. माझे फार तर चाळीस.
ठरवलं की बावीसच्या आधी स्वप्नालीचा फोटो काढून टाकायचा. तशी गरज नाही. पण काढायचा. वीस तारखेला. आत्ताच चढायला लागलाय.

१७ मार्च, मंगळवार. सकाळ.
पहिली चौकशी! पिंटरेस्टवर मी माझाच नंबर दिलाय, त्यावर मेसेज. एक बाई, नवापूरच्या, रंजनाबाई. डीपीला कोंबड्या. विचारतात, ही मुलगी कुठली, आणि दोनातला खरा फोटो कोणता?
लगेच उत्तर दिलं. मुलगी आमच्या गावची, कळसाडीची. पहिला खरा, दुसरा आमच्या हातची कमाल.
त्या म्हणाल्या, प्रत्यक्षात पहिल्यासारखीच?
मी लिहिलं, शंभर टक्के! तुमच्या घरच्या मुलीलाही असंच करून देऊ. भाग्येश, मार्केटिंग हेड.
त्यांनी विचारलं, मुलगी तुमची कोण? मी लिहिलं, सख्खी बहीण. घरचंच उदाहरण दिलं की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.
पुढे काही आलं नाही. घरात विचारत असतील. लग्न मोठं दिसतंय.

२० मार्च
फोटो काढून टाकला नाही. गिऱ्हाईक परत बघायला आलं आणि फोटोच नसला तर? रविवारी काढतो.

२२ मार्च, रविवार
११ वाजता: पाहुणे पोचले असतील.
१.३०: आईचा फोन नाही. जेवणं चालली असतील.
३: लावला. उचलला नाही.
४.१०: दलसिंगने सहज विचारलं, तुझ्या त्या गिऱ्हाइकाच्या डीपीला कोंबड्या होत्या ना?
४.१५: नवापुरात घरोघरी कोंबड्या.
६: नवनीतने उचलला. पाहुणे आलेच नाहीत.

२३ मार्च
लोकांची मनं किती लहान. शिकले-सवरलेले, आणि मुलीचा रंग बघतात! अशा घरात आपली मुलगी गेली नाही तेच बरं. एका अर्थी मी तिला वाचवलं. नीट विचार केला तर कीवर्डचा हा पण एक उपयोग.
फोटो काढून टाकला. गूगल लेन्सला टाकून बघितला. अजून येतोच आहे.

२५ मार्च, बुधवार
झिपरूमामाचा फोन. मी रंगाचं भाषण सुरू केलं. मामाने पूर्ण होऊ दिलं. मग म्हणे, भाचा, पोरना रंगवर त्यास्नी बोट ठेवं नही. बोट तू ठेवं. प्रीतेशची आई रंजनाबाई विचारत होत्या, सख्खा भाऊ गावांची नावं घालून बहिणीची अशी जाहिरात करतो, त्या घराशी सोयरीक कशी करायची? मुलगा दोन दिवस भांडला. मग त्याने आईचं ऐकलं.
मी म्हटलं, पण त्यांना फोटो सापडलाच कसा, बायोडाटात तर साडीतला होता. मामाने फोन स्वप्नालीकडे दिला.
ती म्हणे, दादा, खळामधला फोटो मीच प्रीतेशले धाडेल व्हता. त्याच्या आईने कौतुकाने लेन्सला टाकला, माझे अजून फोटो आहेत का बघायला.
मी म्हटलं, तो तर आधीचा...
ती म्हणे, तो 'आधी'ना फोटो नव्हता. तो मन्हा फोटो व्हता.
रेंज गेली असं मी म्हणालो. गेली नव्हती.

३१ मार्च
रोज लेन्स बघतो. आज फोटो येत नाही. वहीतली कीवर्डची पानं फाडली. मागच्या बाजूला हजेरी लिहिली होती, तीही गेली.

१९ एप्रिल, रविवार. अखाजी.
पिशवी कालच भरली, पण निघालो नाही. सकाळी नवनीतचा फोन. नेटवरून लग्न आलं! कुणीतरी फोटोग्राफर शोधताना 'नवापूर' लिहिलं आणि कापसातली नवरी निघाली. त्या फोटोत मागच्या ट्रॅक्टरवर दुकानाचा बोर्ड पण दिसतो, नंबरासकट. मी कधी बघितलाच नव्हता. नवनीत म्हणे, अट पुरी व्हयनी, खुर्ची आणेल शे. निळी.
मी विचारलं, नवरदेव कोण. तो बराच वेळ लेन्स साफ करायच्या कापडाबद्दल बोलत राहिला. मग म्हणाला, प्रीतेश. मुलगी दुसरी. प्रीतेशच्या काकाने फोन केला होता, त्याला मागचं काही माहीत नाही. ऑर्डर घेऊ का, मार्केटिंग हेड तू शे.
मी म्हटलं, सांगतो.
घरी फोन लावला. मागे अखाजीची झोक्यावरची गाणी चालू होती. आईला म्हटलं, येऊ का? तिने फोन स्वप्नालीकडे दिला. परत विचारलं, येऊ का? तिने फोन ठेवला नाही. ते गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मग मीच ठेवला.
पिशवी खाटेखाली सरकवली. दोनच्या शिफ्टला गेलो. पहिल्याच लादीला तडा होता. माझ्या समोरून गेली. दलसिंगने काढली.