दोर टोकाशीच का तुटतो

प्रिय हट्टोबा,

तुझं पत्र मिळालं. ‘आपलं सारखं वाजतं, त्यापेक्षा कायमचं वेगळं झालेलं बरं’ हे वाक्य मी आईंना वाचून दाखवलं नाही. काय म्हणतोय, असं त्यांनी विचारलं, तर म्हटलं, खोकला बरा आहे. तुझ्या आईशी मला खोटं बोलायला लावलंस, हा राग वेगळाच. तुझ्या म्हणण्याला उत्तर देतेच, पण आधी कारखान्यातली गंमत ऐक.

दोराचे मीटरभर तुकडे दोन पकडींत अडकवायचे आणि तुटेपर्यंत ओढायचे, हे माझं काम तुला ठाऊक आहेच. गेल्या महिन्यात नवा माल फारच लवकर तुटायला लागला. साहेब सगळा माल भंगारात काढायला निघाले, दोर वळणाऱ्या बायकांची तोंडं एवढीशी झाली. मी आपली प्रत्येक तुकडा कुठे तुटला ते मोजत बसले. दोर सगळीकडे सारखा असेल तर तो कुठेही तुटावा. टोकाच्या वीतभर भागात जितके, तितकेच मधल्या वीतभर भागात. तुटण्याच्या जागांची सरासरी काढली, तर ती बरोबर मधोमध आली. साहेब म्हणाले, झालं तर मग, कुठेही तुटतोय, दोरच कच्चा. मला राहवेना. कागदावर एकेक ठिपका मांडला आणि हसूच फुटलं. सगळी गर्दी दोन्ही टोकांना! निम्मे इकडे, निम्मे तिकडे, म्हणून सरासरी बिचारी मधे जाऊन बसलेली, जिथे एकही तुकडा तुटला नव्हता. नव्या पकडींचे दात धारदार होते, तेच दोराला चावत होते. दात आणि दोर यांच्यामधे चामड्याच्या पट्ट्या घातल्या, आणि तोच दोर असा टिकला की साहेब गुपचूप चहा प्यायला निघून गेले.

घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. महिन्याच्या सुट्टीत चार भांडणं, म्हणजे आठवड्याला एक, असं तू लिहितोस. वा रे पंडित! कधी झाली ते आठव की जरा. पहिलं तू आलास त्याच संध्याकाळी, मी कपाट हलवलं म्हणून. दुसरं लगेच दुसऱ्या दिवशी. उरलेली दोन तू बॅग भरायला काढलीस तेव्हा, मोज्यांवरून. मोज्यांवरून रे! मधल्या दिवसांत आपण स्वयंपाकघराला रंग दिला, आईंकडून पत्त्यांत हरलो, आणि तू भांडी घासताना बेसूर गात होतास. येताना तू पाहुण्यासारखा अवघडलेला असतोस, जाताना मी रडू दाबत असते, आणि तिथेच आपल्याला चावतं. मला तू हवा आहेस, हे सरळच सांगते.

तर हे पत्र कशासाठी, ते ऐक. तू नोकरी करतोस त्या बंदराजवळच्या आमच्या दुसऱ्या कारखान्यात मी बदली मागून घेतली आहे. आईंना विचारायला गेले, तर त्यांनी ट्रंक ओढूनच काढली आणि म्हणाल्या, “त्याला सांग, खिडकीजवळची खाट माझी.” शनिवारी आम्ही दोघी येतोय. परतीची तिकिटं काढलेली नाहीत. नको असेल तर आत्ताच कळव. मी रडेन, पण गळ घालणार नाही. हवं असेल, तर यापुढे कुणाचं येणं नाही की जाणं नाही. भांडणं होतीलच, पण कुठल्याही दिवशी, सगळ्या दिवसांना सारखा मान. मला एखाद्या साध्यासुध्या मंगळवारी तुझ्याशी कडाकडा भांडायचंय, आणि बुधवारी सकाळी तू घरातच असायला हवा आहेस.

तुझीच,
भांडकुदळ