बाबांच्या रेघेचा चढ

तीर्थरूप दुर्गाप्रसाद भाऊंस, फुलचूरहून धाकट्या शालीकरामचा नमस्कार (बसूनच केला आहे, कंबर धरली आहे). तुमची साखर, वहिनींचे गुडघे आणि नाशिकची थंडी आटोक्यात असावी. इकडचं खाली लिहितो. फोनवर बोलता येत नाही, कारण बाबांची खाट शेजारीच आहे आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत.

तुम्ही गणिताचे मास्तर. बाबा वाळत चालले म्हणून मी रडलो, तर तुम्ही म्हणालात, "रडू नको. दर महिन्याचं वजन आलेखावर मांड, रेघ ओढ आणि तिचा चढ काढून सांग. मग रजेचं बघतो." दहावीला मी दोनदा नापास झालो ते याच चढापायी, हे तुम्ही विसरलात.

बाबा दवाखान्याच्या काट्याला तयार होईनात. चाळीस वर्षं राइस मिलमध्ये धान तोललेला माणूस. म्हणाले, "तो काटा खोटा आहे गा. मले मिलवर ने." म्हणून दर पहिल्या तारखेला ऑटोत बसवून मिलवर. तिथं पोत्यांच्या काट्यावर ते मांडी घालून बसत, आकडा स्वतः वाचत आणि अंगावरच्या शालीचं वजन वजा करायला लावत (हमाल काम थांबवून बघत, हसत मात्र कुणी नसे). पहिल्या महिन्यात चौपन्न किलो, पाचव्यात सेहेचाळीस.

मी आडवे महिने घेतले, उभे किलो, ठिपके दिले, पट्टी ठेवली. उतरणाऱ्या रेघेलाही चढच म्हणतात, इथंच माझं डोकं अडलं. शेवटी मोठ्यातून लहान वजा केलं, जसं आपल्याला शाळेत मारून शिकवलं: वर चौपन्नातून सेहेचाळीस गेले, आठ, खाली पाचातून एक गेला, चार. आठ भागिले चार, अधिक दोन. रेघ खाली जाऊन राहिली होती, हे मला दिसत होतं, भाऊ. पण उत्तर अधिक आलं होतं, आणि मला तेच हवं होतं. तुम्हाला फोन केला, तुम्ही इकडं यायला काढून ठेवलेलं तिकीट रद्द केलं. मी पेढे आणले. बाबांना सांगितलं, महिन्याला दोन किलो चढून राहिले तुम्ही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि अर्धा पेढा खाल्ला.

काल आमच्या आचलनं कागद पाहिला. ती यंदा दहावीत आहे. म्हणाली, "पप्पा, खाली तुम्ही पाचव्या महिन्यातून पहिला वजा केला. मग वरही पाचव्याच्या वजनातून पहिल्याचं करा ना." सेहेचाळीसातून चौपन्न, उणे आठ. भागिले चार, उणे दोन. पोरीनं पेन ठेवलं आणि आत गेली.

मी बाबांजवळ चूक कबूल करायला बसलो. ते म्हणाले, "माईत आहे. काटा मीच वाचत होतो ना. तू पेढे आणले, मी काऊन बोलू?"

आचल या पत्राचा फोटो काढून पाठवते आहे. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
शालीकराम

ता. क. : तिकीट काढा.

आणखी ता. क. : बाबांनी बजावलं आहे, "दुर्गाले काही सांगू नको. त्याच्या शाळेतल्या पोरायची परीक्षा आहे." तेव्हा मी काही सांगितलं नाही असंच समजा. आज सकाळी मात्र त्यांनी दाढी करून मागितली आणि विचारलं, नाशिकची गाडी गोंदियाले किती वाजता लागते.